मुंगीचं पूर्ण नाव

चार वर्षांपूर्वी हरसूलहून काकांचा फोन आला. "आंब्यावर लाल मुंग्या झाल्यात. कैऱ्या काढायला चढलं की फोडून खातात. काय टाकू?" मी पुण्यात, ऑफिसात, दोन मीटिंगांच्या मधे. शिकलेला पुतण्या म्हणून घरात माझा शब्द चालतो. मी फोनवर 'लाल मुंग्यांचा बंदोबस्त' असं शोधलं आणि वर जे आलं ते काकांना पाठवून दिलं. पावडर, बुंध्याभोवती, दोनदा. काकांनी तसंच केलं. वर झाडावरची पानांची घरटीही काठीनं पाडून जाळली.

मी वाचलं होतं ते वेगळ्याच मुंगीबद्दल.

माझ्या शोधात आलेली मुंगी होती सोलेनॉप्सिस जेमिनाटा. मूळची अमेरिका खंडातली, आता आपल्याकडंही पसरलेली. ती जमिनीत राहते आणि डंख मारते. काकांच्या आंब्यावर होती ती ईकोफिला स्मॅरॅग्डिना. ती झाडावर राहते. जिवंत पानं ओढून जवळ आणते, आपल्याच अळ्यांच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमानं ती शिवते आणि झाडावर येणाऱ्या किड्यांची शिकार करते. तिला नांगी नाही. ती चावते आणि चाव्यावर आम्ल सोडते, म्हणून आग होते. ती काही संत नाही. गोड चिकट्यासाठी ती पिठ्या ढेकूण पाळते, म्हणजे थोडं नुकसानही करते. पण इ.स. 304च्या सुमाराचा मानला जाणारा एक चिनी ग्रंथ सांगतो, की फळबागा राखण्यासाठी या मुंग्यांची घरटी बाजारात विकली जायची. लोक जी पैसे देऊन आणायचे, ती आम्ही जाळली.

पुढच्या वर्षी मोहोराला तुडतुडे लागले. ते मुंग्या गेल्यामुळंच, असं मी छातीठोक सांगणार नाही. एका झाडावरून काही सिद्ध होत नाही. पण झाडावर एक राखणदार होता आणि तो मी घालवला, एवढं नक्की. तेही का, तर 'लाल मुंगी' या दोन शब्दांत दोन वेगळे जीव बसतात हे मला ठाऊक नव्हतं. रोज कोड लिहिणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं. दोन गोष्टींना एकच नाव दिलं की प्रोग्राम मुकाट चालतो आणि चुकीचं उत्तर देतो. एरर येते तेव्हा निदान कळतं तरी.

तेव्हापासून मी मुंग्यांची शास्त्रीय नावं पाठ करतो. मित्र हसतात. त्यांचे दोन आक्षेप असतात आणि दोन्ही मला चुकीचे वाटतात.

पहिला आक्षेप: फोन आहे ना, फोटो काढला की नाव येतं, पाठ कशाला करायचं? फोन माझ्याही हातात होता. मी विचारलं 'लाल मुंगी', त्यानं लाल मुंगी दिली. फोन विचारलेल्याचं उत्तर देतो. काय विचारायचं हे ज्याच्या डोक्यात आहे, त्यालाच तो नीट उपयोगी पडतो. आणि चार-पाच मिलिमीटरच्या धावत्या मुंगीचा फोटो एकदा काढून बघा. भारतात मुंग्यांचे 800हून जास्त प्रकार नोंदलेले आहेत. त्या धूसर ठिपक्यातून नेमका एक निवडायचा भरवसा मी तरी देणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त गोड आहे, म्हणून जास्त घातक. ही नावं साहेबांची, आपल्याला आपली नावं पुरेत. अर्धं खरं आहे. मुंबई इलाख्यातला वनाधिकारी रॉटन मुंग्या गोळा करायचा आणि स्वित्झर्लंडच्या फोरेलकडं पाठवायचा. फोरेलनं कितीतरी मुंग्यांना रॉटनचं नाव दिलं. रॉटनला रानात वाट दाखवणाऱ्यांचं नाव एकाही मुंगीला लागलेलं मला माहीत नाही. याचा राग मलाही येतो. पण रागावून मी ते नाव विसरलो, तर नुकसान रॉटनचं होत नाही, माझं होतं.

कसं ते सांगतो. आमच्या आंब्यावरच्या मुंगीला कोकणात ओंबील म्हणतात, छत्तीसगढात चापडा, ओडिशात काई. 2024च्या जानेवारीत मयूरभंजच्या काई चटणीला भौगोलिक मानांकन मिळालं, ती हीच मुंगी. ओडिशाचा आदिवासी आणि हरसूलचा आदिवासी एकाच मुंगीबद्दल बोलतायत हे दोघांनाही कुठल्या शब्दानं कळणार? 'लाल मुंगी' म्हणून नाही, आणि काई किंवा ओंबील म्हणूनही नाही. ईकोफिला स्मॅरॅग्डिना म्हटलं की चीन, ओडिशा, ऑस्ट्रेलिया, सगळ्यांचा अनुभव एका जागी येतो. गावातलं नाव आपल्याला आपल्या माणसांशी जोडतं, शास्त्रीय नाव जगाच्या माहितीशी. यातलं एकच निवडा, असं सांगणारा माणूस बहुधा शहरात राहतो आणि त्याच्याकडं दोन्ही असतात.

मग ही नावं आपल्याला नकोशी का वाटतात? कारण ती शिकवली तशी गेली. शाळेत 'आंबा : मँगिफेरा इंडिका' मी वीस वेळा लिहिलं. घरात कोकणा बोली, शाळेत पुस्तकी मराठी, वरून इंग्रजी. त्यावर ही चौथी भाषा पडली, आणि तिचा अर्थ असतो हे कुणी सांगितलंच नाही. त्या 'मँगी'मध्ये दक्षिणेतला 'मांगा' आहे, अख्ख्या नावाचा अर्थ 'भारतातला, आंबे धरणारा' असा आहे, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. पाठांतराला माझा विरोध नाही. अर्थ काढून घेऊन केलेल्या पाठांतराला आहे.

अर्थ लावला की नाव डोक्यातून जात नाही. ईकोफिला म्हणजे घर आणि पान. पानघरी! स्मॅरॅग्डिना म्हणजे पाचूसारखी हिरवी. आपली तांबडी असली तरी ऑस्ट्रेलियातलीचं पोट खरंच हिरवं असतं. क्रेमॅटोगॅस्टर म्हणजे लटकतं पोट. डिवचली की ती पोट वर उचलते. टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम म्हणजे काळ्या डोक्याची. साखरेच्या डब्यात दिसते ती, फिकट अंग आणि काळं डोकं. हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटर म्हणजे विळ्याच्या जबड्याची, उड्या मारणारी. भात कापणाऱ्या घरातल्या पोराला विळा समजवावा लागत नाही.

आणि आपला मुंगळा. एकोणिसाव्या शतकात पुण्यात कर्नल साइक्सनं जेवणाच्या टेबलाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले, तर मुंगळे भिंतीवर चढून तिथून टेबलावर उड्या टाकायला लागले. त्यानं 1835मध्ये या मुंगीला नाव दिलं 'इन्डिफेसा', न थकणारी. पण फॅब्रिशियसनं 1787मध्येच तिला 'कॉम्प्रेसस', म्हणजे दाबलेला, म्हटलं होतं. नियम असा, की आधीचं नाव टिकतं. म्हणून मुंगळा आज कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस आहे. सुंदर नाव हरलं, कारण एका जिवाला एकच नाव हवं. तो नियम कोरडा आहे, पण काकांच्या झाडाला तोच कोरडेपणा हवा होता.

म्हणून शिक्षकांना सांगणं आहे, की फळ्यावर तीन गोष्टी शेजारी शेजारी लिहा : पोराच्या घरातलं नाव, शास्त्रीय नाव आणि त्याचा अर्थ. 'हे तुम्हाला झेपणार नाही' म्हणून मधलं गाळू नका. शंभर गाण्यांचे बोल पाठ असलेल्या पोरांना दोन शब्द जड जात नाहीत. आणि माझ्यासारख्या शहरात गेलेल्यांना सांगणं आहे, की गावाहून फोन आला की उत्तर पाठवायची घाई करू नका. आधी विचारा, ती राहते कुठं? झाडावर की जमिनीत?

मी एवढा एक प्रश्न विचारला असता, तर पावडरीचा डबा दुकानातच राहिला असता.