पडलास की पडलीस?

व्हिडिओ गेममध्ये द्वितीय पुरुषी दृष्टिकोन का नसतो, हा वाद गेमच्या शौकिनांत अधूनमधून रंगतो. नायकाच्याच डोळ्यांनी बघायचे तो प्रथम पुरुष, त्याच्या पाठीमागून बघायचे तो तृतीय. मग मधला गेला कुठे? उत्तरादाखल २०११ च्या 'ड्रायव्हर: सॅन फ्रान्सिस्को'मधली एक मोहीम दाखवतात. तिथे डोळे पाठलाग करणाऱ्या गाडीत आणि स्टीअरिंग मात्र पुढच्या गाडीचे. आपलीच गाडी मागच्याच्या काचेतून बघत हाकायची! प्रयोग झकास, पण रुळला नाही. माझ्या मते हा शोधच चुकीच्या जागी चालला आहे. द्वितीय पुरुष राहतो क्रियापदात, आणि मराठीत तर त्याला लपायला जागाच नाही.

विल क्राउथरने १९७६ मध्ये केंटकीच्या मॅमथ गुहेवरून रचलेल्या 'कोलॉसल केव्ह'मध्ये एकही चित्र नव्हते. खेळणारा कुठे उभा आहे हे संगणक त्यालाच उद्देशून लिहून दाखवी आणि तो एकदोन शब्द टंकून पुढे जाई. इंग्रजीतला तो 'यू' ढगळ झग्यासारखा, कुणीही चढवावा. मराठीत 'तू किल्ली उचललीस' इथपर्यंत निभते, कारण क्रियापद किल्लीच्या मागे जाते. पुढच्याच पायरीवर पाय घसरला की मात्र 'पडलास' की 'पडलीस' हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. परभणीकडे साधे 'काय करायलास?' विचारायचे तरी समोर कोण आहे ते आधी बघावे लागते. मुलगी असली तर 'करायलीस'.

यावर 'तुम्ही' आहेच की, असे कुणी म्हणेल. 'तुम्ही पडलात' म्हटले की स्त्री-पुरुष भेद मिटतो, आदरही राहतो. खरे आहे, पण तो एटीएमचा आदर आहे. कार्ड घाला, पिन टाका, कृपया प्रतीक्षा करा. खेळात जो आवाज डिवचतो, सावध करतो, मेल्यावर हसतो, त्याला 'तुम्ही' परवडत नाही. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईने सातशे वर्षांपूर्वी प्रत्यक्ष विठ्ठलाला अरेतुरे केले, शिव्याशापही दिले. ती 'तुम्ही' म्हणती, तर देव तिच्या जात्याशी दळायला बसला ही कथा कुणाला पटली असती? आणि तीच जनाबाई शेवटी 'जनी म्हणे' अशी नाममुद्रा घालून स्वतःकडे बाहेरून बघते. देवाशी 'तू', स्वतःला 'जनी': चार ओळींत जागा बदलायची ही सोय आपल्याकडे कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चित्रांच्या जमान्यात अक्षरे वाचतो कोण? बोटे बटणावर, नजर शत्रूवर. पण अक्षरे कमी झाली म्हणून गेम बोलायचा थांबलेला नाही. तो शिकवतो, बजावतो, शाबासकी देतो, आणि आता तर कानात बोलतो. उद्या हे बोलणे मराठीत आणायचे झाले, तर इंग्रजी वाक्यांची यादी अनुवादकाकडे धाडून भागणार नाही. 'तू' कोणाला म्हणायचे हे गेम रचतानाच ठरवावे लागेल. सुरुवातीला खेळणाऱ्याला विचारून घेणे हा एक मार्ग, तसा सोपाच. गाठ खरी बसते ती पुढे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० मध्ये आणलेल्या 'राजी'ची नायिका मुलगी आहे, हरवलेल्या भावाला शोधत निघालेली. समजा ती मराठीत आली आणि गंगाखेडचा एखादा मुलगा खेळायला बसला. कड्यावरून उडी चुकली. क्रियापद कुणाच्या मागे जाणार, मुलाच्या की राजीच्या? मी लिहिणारा असतो तर बेधडक 'पडलीस' लिहिले असते. पहिल्यांदा तो दचकेल, मित्र बाजूला असले तर लाजेलही. दहाव्या उडीला मात्र 'पडलीस' ऐकू येताच तो मुकाट्याने पुन्हा कड्यावर चढेल.