बालीचे देव आणि पाहुण्यांचा पैसा

इंडोनेशियात सुमारे ८७ टक्के लोक मुस्लिम आहेत; त्याच देशातील बाली बेटावर जवळजवळ तेवढेच प्रमाण हिंदूंचे आहे. या वस्तुस्थितीचे गोडवे गाणारे आपल्याकडील पुरोगामी विचारवंत एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. बालीचा हिंदू टिकला तो कोणाच्या औदार्यामुळे नव्हे. आपली ग्रामव्यवस्था, देवळे आणि आचार त्याने संघटितपणे राखले म्हणून टिकला.

दरवर्षी न्येपीच्या दिवशी संपूर्ण बेट मौन पाळते आणि विमानतळ चोवीस तास बंद राहतो. बुडणाऱ्या उत्पन्नाचा हिशेब दाखवून हे व्रत मोडायला कोणी लावू शकलेले नाही. हॉटेले देवळांना भिडू लागली, तेव्हा १९९४ मध्ये हिंदूंच्या धर्मपरिषदेने मंदिरांभोवतीच्या पवित्र क्षेत्राच्या मर्यादा सांगितल्या. बेनोआच्या उपसागरात भराव घालून पर्यटननगरी वसवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा ग्रामसंस्था रस्त्यावर उतरल्या. २०१९ मध्ये तो उपसागर संरक्षित सागरी क्षेत्र म्हणून घोषित झाला.

आता प्रश्न पैशाचा आहे. संस्कृती व पर्यावरण यांच्या रक्षणासाठी १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्याकडून १,५०,००० रुपिया, म्हणजे आपले जेमतेम आठ-नऊशे रुपये, घेतले जातात. त्या वर्षी ६० लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले. परंतु त्यांतील बहुतेकांनी हा कर भरलाच नाही. हॉटेलांवरील कर जिल्ह्याच्या तिजोरीत जातो. त्यामुळे कुटाचा किनारा लाभलेला बाडुंग जिल्हा श्रीमंत आणि बेसाकीचे मातृमंदिर सांभाळणारा करंगासेम दरिद्री, असे विपरीत चित्र दिसते.

जलमंदिरांच्या आधारे पाटाचे पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या ‘सुबक’ व्यवस्थेला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. ज्या भातखाचरांच्या दर्शनासाठी पर्यटक येतो, त्याच खाचरांवर त्याच्यासाठी बंगले उभे राहतात! सप्टेंबर २०२५ च्या पुरात अनेकांचे प्राण गेले, तेव्हा या बेसुमार बांधकामाची चर्चा तेथेही झाली.

कराने पाहुणा बिचकेल, असे व्यापारी सांगतात. एका रात्रीच्या निवासासाठी याहून कितीतरी अधिक मोजणारा पाहुणा या रकमेने बिचकेल काय? बालीला हवी आहे ती करचुकवेगिरीला आळा घालणारी वसुली, आणि त्या निधीवर पहिला अधिकार सुबकांचा व सुमारे दीड हजार पारंपरिक ग्रामसंस्थांचा. ज्यांच्या श्रद्धेवर पर्यटनाचा डोलारा उभा आहे, त्यांच्याच पदरी उपेक्षा येणे हा अन्याय आहे.

२०२४ मध्ये बालीला जाणाऱ्यांत ऑस्ट्रेलियनांनंतर भारतीयांचाच क्रमांक होता. त्यांत मराठी कुटुंबेही असतात. समुद्रकिनाऱ्यावरील छायाचित्रांपुरती बाली पाहून परतणे त्यांना शोभत नाही. कर न चुकवता भरावा, मंदिरात मर्यादेने वागावे आणि खाचरांच्या जागी उभ्या राहिलेल्या बंगल्यात उतरू नये. धर्मबंधूंच्या घरी जाणाऱ्याने निदान एवढे कर्तव्य पाळलेच पाहिजे.