ठोकळ्याची बाजू

मराठी समीक्षेत ‘ठोकळेबाज’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. पात्रे ठोकळेबाज, कथानक साचेबद्ध, एवढे लिहिले की परीक्षणकर्त्याचे निम्मे काम आटोपते. आम्हीही हे शब्द असेच वापरत आलो आहोत. परंतु जिथे वस्तू खरोखरच लाकडी ठोकळ्यावर घडते अशा एखाद्या कारागिरीची रीत नीट समजून घेतली, की या शिवीमागचे गृहीतक डळमळू लागते. फेल्ट हॅटची घडण ही अशी कारागिरी आहे.

फेल्ट म्हणजे आपल्या परिचयाच्या नमद्याचेच भावंड. त्यात उभा-आडवा धागा नसतो. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओलावा आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि विणकामावाचूनच वस्त्र तयार होते. विणलेले कापड डोक्याच्या गोलाईवर बसवायचे तर चुण्या घालाव्या लागतात, नाहीतर कापून शिवावे लागते. फेल्ट मात्र वाफेने मऊ होते आणि सर्व दिशांना ताणले जाते. कारागीर शंकूच्या आकाराचे कच्चे फेल्ट वाफेवर धरतो, गरम असतानाच ठोकळ्यावर ओढतो, माथा संपतो त्या रेषेवर दोरी आवळतो, कडेने टाचण्या मारतो आणि वाळू देतो. पुरते वाळल्यावर ते ठोकळ्यावरून उतरवले तरी आकार टिकून राहतो. त्यानंतर काठ कापणे, आतली पट्टी लावणे, फीत शिवणे ही कामे होतात.

या सर्व क्रियेत ठोकळा नेमके काय ठरवतो? घेर, उंची आणि वळण, एवढेच. फेल्ट किती ताणायचे, वाफ कुठे थांबवायची, माथ्यावर घडी कुठे पाडायची, काठ किती रुंद ठेवायचा, हे सारे हाताकडे राहते. एकाच ठोकळ्यावरून उतरलेल्या दोन हॅट म्हणूनच जुळ्या असतीलच असे नाही. ठोकळ्याचे खरे काम प्रतिकार करण्याचे आहे. मऊ झालेल्या फेल्टला स्वतःचा आकार नसतो. ओढणाऱ्या हाताला समोरून काहीतरी कठीण भेटावे लागते, तेव्हाच तो आकार घेतो.

काही हॅटचा माथा वर रुंद आणि खाली अरुंद असतो. अशी हॅट अखंड ठोकळ्यावरून निघणार कशी? त्यासाठी अनेक तुकड्यांत कापलेले, कोड्यासारखे जुळवलेले ठोकळे असतात. फेल्ट वाळले की प्रथम मधला तुकडा ओढून काढायचा. मग बाजूचे तुकडे आत सरकतात आणि एकेक करून बाहेर येतात. हॅट मोकळी व्हावी म्हणून ठोकळा स्वतःच विसकटतो. आकृतिबंधाविषयी इतके मार्मिक विधान आमच्या वाचनात क्वचितच आले आहे.

जुन्या ठोकळ्यांचे महत्त्व याहून वेगळे आहे. १९२०च्या दशकातील क्लॉश ही घंटेच्या आकाराची हॅट भुवयांपर्यंत उतरत असे आणि आखूड कापलेल्या केसांवरच ती नीट बसे. तिच्या ठोकळ्यात त्या काळातील स्त्रीची केशरचना आणि मान धरण्याची ढब दोन्ही कोरलेली आहेत. लाकडावरची टाचण्यांची भोके म्हणजे त्यावर किती हातांनी काम केले याची नोंदच.

इंग्लंडमधील ल्यूटन आणि स्टॉकपोर्ट ही या व्यवसायाची गावे. दोन्हींच्या फुटबॉल संघांना आजही ‘हॅटर्स’ म्हणतात. स्टॉकपोर्टमधील हॅटचा शेवटचा कारखाना १९९७मध्ये बंद पडला आणि २०००मध्ये तिथे हॅटचे संग्रहालय उघडले. ठोकळे कोरण्याची कला तर ब्रिटनमधील संकटग्रस्त हस्तकलांच्या यादीत गेली आहे. जुने ठोकळे मात्र दिवाणखान्याची शोभा म्हणून विकत घेतले जातात. संग्रहालयांविषयी आमची तक्रार नाही. पण पॉलिश करून फडताळात मांडलेला ठोकळा हा आमच्या मते मेलेला ठोकळा होय. त्याला वाफ लागली पाहिजे, त्यात नवी टाचणी रुतली पाहिजे. तो झिजेल, हे खरे. परंतु झीज हाच त्याचा वापर आहे.

यावर कोणी म्हणेल, ही जुन्याची भाबडी आरती झाली. तसे होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सशाच्या केसांचे फेल्ट करण्यापूर्वी त्यांवर पाऱ्याच्या नायट्रेटची प्रक्रिया केली जाई. त्या वाफांनी कामगारांचे हात थरथरू लागत, मन बिघडे. लुइस कॅरॉलचा हॅटवाला (१८६५) पाऱ्यानेच वेडा झाला असे म्हणता येत नाही, कारण ‘हॅटवाल्यासारखा वेडा’ हा वाक्प्रचार त्याच्याही आधीचा. पण कामगारांचे दुखणे खरे होते. अमेरिकेत या प्रक्रियेवर बंदी यायला १९४१ साल उजाडावे लागले. तेव्हा परंपरेतील सारेच जपण्याजोगे नसते. पारा टाकला गेला, ठोकळा राहिला. हा विवेक कारागिरांच्या व्यवसायाला करता आला.

आम्हांला प्रश्न पडतो तो आपल्या वर्गांविषयी. वृत्त, छंद, अभंग, सुनीत हे सारे आपण एक तर पाठांतराचे नियम म्हणून शिकवतो, नाहीतर कवीच्या स्वातंत्र्यावरची बेडी म्हणून. दोन्ही प्रकारांत ठोकळा फडताळातच राहतो. मर्ढेकरांनी ‘काही कविता’मध्ये (१९४७) यंत्रयुगातील माणसाची घुसमट अभंगाच्या घाटावर चढवली, तेव्हा संतांची प्रतिकृती उतरली नाही, मराठी कवितेला नवे वळण मिळाले. ठोकळा शतकांपूर्वीचा होता, फेल्ट त्यांचे स्वतःचे होते आणि ओढ त्यांच्या हाताची होती.

मुक्तछंदाला आमचा विरोध नाही. मोकळ्या हातानेही फेल्टला आकार देता येतो. फक्त त्या हाताने आधी कशाचा तरी प्रतिकार अनुभवलेला असावा लागतो. आणि जी रचना खरोखरच निर्जीव असते, तिचा दोष ठोकळ्यावर ढकलणे अन्यायाचे आहे. तिथे फेल्ट पुरेसे तापलेले नसते, किंवा हॅट ठोकळ्यावरून उतरवायचीच राहून गेलेली असते. यापुढे ‘ठोकळेबाज’ असा शेरा मारण्यापूर्वी यांपैकी नेमके काय घडले, हे सांगण्याचे कष्ट आम्ही घेऊ. आमच्या समीक्षक मित्रांनीही ते घ्यावेत.