स्मरणार्थ द्या, संशोधनासाठी द्या

ब्रिटनमधील मराठी बंधुभगिनींनो,

या देशात मुलांचा आणि चाळिशीच्या आतल्या माणसांचा कर्करोगाने सर्वाधिक बळी जातो, तो मेंदूतील गाठीमुळे. दरवर्षी सुमारे १२ हजार घरांत हे निदान येऊन थडकते. तरीही २००२ पासून देशात कर्करोग संशोधनावर झालेल्या खर्चातला जेमतेम एक टक्का या आजाराच्या वाट्याला आला. म्हणून हे आवाहन.

ग्लिओब्लास्टोमा या सर्वांत घातक गाठीवरची आजची मुख्य उपचारपद्धत २००५ सालची आहे. शस्त्रक्रिया आणि किरणोपचारांना टेमोझोलोमाइडच्या गोळ्यांची जोड मिळाली आणि निम्मे रुग्ण बारा महिन्यांऐवजी साडेचौदा महिन्यांपलीकडे जगू लागले. मिळाले ते अडीच महिने! गाठीच्या पेशी निरोगी मेंदूत खोल शिरतात, त्यामुळे ती पूर्ण काढता येत नाही; आणि रक्तातली बहुतेक औषधे शरीर मेंदूत शिरूच देत नाही.

काम अवघड आहे, पण अशक्य नाही. उद्योगपती दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी निधी उभारला. त्या काळी या आजारात मूल वाचत नसे. आज विकसित देशांत बहुतेक मुले बरी होतात. जगभर अनेक दशके पैसा आणि माणसे लागली, तेव्हा हे घडले.

मेंदूतील गाठीसाठीही सुरुवात घरच्यांनीच केली. सोळा वर्षांची सॅमंथा डिक्सन १९९६ साली गेली. आईवडिलांनी तिच्या नावाने काढलेल्या ट्रस्टमधूनच पुढे ‘द ब्रेन ट्यूमर चॅरिटी’ उभी राहिली. २००९ मध्ये अशाच छोट्या कौटुंबिक संस्थांना सोबत घेऊन ‘ब्रेन ट्यूमर रिसर्च’ सुरू झाली. तिच्या मदतीने लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात, इम्पिरियल कॉलेजात आणि प्लिमथमध्ये संशोधन चालते. एका दिवसाच्या संशोधनाचा खर्च तिने अनेक वर्षे २,७४० पाउंड धरला. एका दिवसाचा खर्च जमवणाऱ्या कुटुंबाच्या गेलेल्या माणसाचे नाव संशोधन केंद्राच्या भिंतीवर लागते.

केवळ सरकारवर विसंबून चालणार नाही. माजी मंत्री टेसा जॉवेल याच आजाराने २०१८ मध्ये गेल्या आणि सरकारने ४ कोटी पाउंड जाहीर केले. पाच वर्षांनंतरही त्यातली निम्मी रक्कम संशोधकांपर्यंत पोचली नव्हती.

देवळाची पायरी, शाळेची खोली, सभागृहातला पंखासुद्धा ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ देणारी आपली माणसे आहेत. तेच दान आता इकडे वळवू या.

• वर्षश्राद्ध, पुण्यतिथी किंवा गेलेल्या माणसाचा वाढदिवस असेल, तेव्हा खर्चातला एक वाटा संशोधनासाठी काढा. नातेवाइकांना फुलांऐवजी देणगी द्यायला सांगा.

• मार्च हा या आजाराच्या जनजागृतीचा महिना. त्यात टोपी घालून निधी जमवण्याचा एक दिवस असतो. पाडव्याच्या आगेमागेच तो येतो. आपल्या मंडळात फेटे बांधा आणि प्रत्येक फेट्यामागे पाच पाउंड गोळा करा.

• इथे कर भरत असाल तर ‘गिफ्ट एड’वर खूण करायला विसरू नका. तुमच्या प्रत्येक पाउंडामागे संस्थेला आणखी २५ पेन्स मिळतात.

• पैसे कोणा व्यक्तीकडे देऊ नका. नोंदणी तपासून थेट संस्थेकडेच भरा.

• आपल्या खासदाराला पत्र लिहा आणि जाहीर झालेल्या पैशाचा हिशेब मागा.

ज्यांच्या घरातले माणूस या आजाराने गेले, ते आपले दुःख बाजूला ठेवून दुसऱ्यांच्या मुलांसाठी झटत आहेत. त्यांना एकटे पडू देऊ नका. रक्कम लहान असली तरी चालेल, पण पुढच्या मार्चची वाट पाहू नका. आजच द्या.