केवढी तोफ आहे हो?

देवळालीच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्या घराची तावदानं थरथरतात. पाहुणे दचकतात आणि हटकून विचारतात, "केवढी तोफ आहे हो?" मी तोफखान्यात टीए होतो, म्हणजे गोळा कुठं पडावा याचं गणित मांडणारा. चोवीस वर्षांच्या नोकरीत, पडलेला गोळा बघतं कोण, हे मला एकाही पाहुण्यानं विचारलं नाही.

वर्तमानपत्रांचंही तेच. नोव्हेंबर २०१८मध्ये इथंच के-९ वज्र आणि एम-७७७ तोफा लष्करात दाखल झाल्या. चर्चा झाली ती १५५ मिलिमीटरची आणि किलोमीटरची.

माझं म्हणणं असं, की तोफेचं योग्य माप नेम धरणाऱ्याच्या कुवतीवर ठरतं. आरमारवाल्यांना हे आमच्या आधी कळलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युद्धनौकेवर १२ इंची, ९.२ इंची, ६ इंची अशी खिचडी असायची. मारा लांबून होऊ लागला तशी पंचाईत झाली: समुद्रात उडालेला फवारा १२ इंचीचा की ९.२ इंचीचा? १९०६ साली ब्रिटिशांच्या ड्रेडनॉटवर दहाच्या दहा मुख्य तोफा १२ इंची आल्या. कारणं आणखीही होती, पण फवारे वाचणं सोपं झालं हे खरं. चार-पाच गोळे एकदम सोडायचे. काही जहाजाच्या अलीकडे, काही पलीकडे पडले की अंतर जमलं. आम्ही ओपीच्या, म्हणजे पडलेला गोळा बघून दुरुस्ती सांगणाऱ्याच्या, "अ‍ॅड फोर हंड्रेड, ड्रॉप टू हंड्रेड"वर ब्रॅकेट घालायचो, त्याचंच हे चुलत भावंड. त्यामुळे नळी जाड करायलाही मर्यादा आली. तोफा फार कमी झाल्या तर फवारेच पुरत नाहीत. १५ इंची क्वीन एलिझाबेथवर आठ तोफा होत्या, १८ इंची यामातोवर नऊ.

मग रडार आलं. २५ ऑक्टोबर १९४४ची पहाट, फिलिपिन्समधली सुरिगाव सामुद्रधुनी. पेनसिल्व्हेनिया, टेनेसी, कॅलिफोर्निया या तिन्ही अमेरिकन नौकांवर १४ इंची बारा-बारा तोफा. टेनेसी आणि कॅलिफोर्नियाकडे नवं रडार होतं. दोघींनी साठ-साठहून जास्त गोळे झाडले. पेनसिल्व्हेनियाच्या जुन्या रडारला अंधारात लक्ष्यच सापडेना. तिच्या तोफांतून एकही गोळा सुटला नाही.

कारगिलला बोफोर्सनं नाव कमावलं, आणि ते रास्तच. पण शत्रूच्या तोफा हुडकणारी रडारं तेव्हा आपल्याकडे नव्हती. ती नंतर अमेरिकेकडून घेतली, पुढं आपलं स्वाती आलं. तोफखान्याच्या खरेदीत पहिला हात अशा डोळ्यांवर सुटावा, मिलिमीटर मागाहून बघता येतात. पण स्वातीला नळी नाही, त्यामुळे तिच्यावर मथळाही येत नाही.