विसरलेल्यांची बाजू

जालन्याच्या एमआयडीसीत भंगाराला मोठा मान. मोडक्या खाटेचा पाय भट्टीत जातो नि सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये विराजमान होतो. मी मात्र भंगारवाल्याकडून अनोळखी गायक-गायिकांच्या तबकड्या घेतल्या की शेजारी म्हणतात, "चांगलं गात असते तर लोक विसरले असते का हो?"

वा! म्हणजे ज्यांना काल काय खाल्लं ते आठवत नाही, ते परीक्षक! अहो, किर्लोस्कर मंडळींच्या भाऊराव कोल्हटकरांवर नाटकवेडा महाराष्ट्र लुब्ध होता. ते गेले १९०१ साली. कलकत्त्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरलं १९०२ साली. भाऊरावांचा एक सूर आज कुणाकडे नाही. आणि लेबलावरचं नावसुद्धा पुसलं गेलेली कुणी बाई माझ्याकडे तीन मिनिटं खणखणीत लावणी गाते! टिकण्याचा नि थोरवीचा संबंध तो एवढाच.

थोरांना जपायला सगळा देश आहे. या बाईला कोण? लोखंड वितळवून पुन्हा लोखंड मिळतं. लाखेची तबकडी फुटली की गाणं संपलं. तेव्हा माळा झाडाल तेव्हा भंगारवाल्याच्या आधी मला हाक मारा. भाव तोच देईन, वर चहा पाजीन.