सपाट झालेली रेघ

पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे परिसरात गणपतीचे कारखाने जागोजागी आहेत. तिथल्या पाचवीतल्या मुलाला विचारावे, शाडूची ही ओली मूर्ती रंगवायला कधी घेता येईल? तो लगेच दिवस सांगणार नाही. ऊन आहे की पाऊस, मूर्ती केवढी, पंख्याखाली ठेवली आहे का, हे आधी पाहील. एक गोष्ट बदलली की दुसरी बदलते, हे त्याला हाताने कळलेले असते. गणितात यालाच दोन चलांमधला संबंध म्हणतात. मात्र तो संबंध कागदावर रेघेच्या रूपात कसा उतरतो, हे गणिताच्या तासाला शिकेपर्यंत तो नववीत गेलेला असतो.

बालभारतीच्या आतापर्यंतच्या गणिताच्या पुस्तकांचा क्रम पाहा. पाचवीत चित्रालेख, सहावीत स्तंभालेख, सातवीत जोडस्तंभालेख. किती मुलांना आंबा आवडतो आणि किती जणांना चिकू, हे त्यातून छान कळते. पण आंबा आणि चिकू या दोन सुट्या गोष्टी आहेत. दिवस पुढे सरकत असताना वजन कसे बदलले, उंची दुप्पट केली तर माती किती वाढली, असा प्रश्न स्तंभालेखात क्वचितच येतो. आडवा अक्ष, उभा अक्ष आणि त्यांच्या मध्ये बिंदू हे सारे निर्देशक भूमितीच्या धड्यात, नववीत. तेही बहुधा समीकरणाच्या मागून येते आणि परीक्षेनंतर विसरले जाते.

आरोग्याच्या स्तंभात ही गणिताची तक्रार कशाला? कारण माणसाच्या हाती येणारा पहिला वैद्यकीय कागद म्हणजे असाच एक आलेख असतो. माता आणि बाल संरक्षण कार्डात तो छापलेला आहे. मुलींसाठी गुलाबी, मुलांसाठी निळा. आडव्या अक्षावर वय महिन्यांत, उभ्या अक्षावर वजन किलोत. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांवर तो बेतलेला आहे. हिरवा पट्टा म्हणजे वजन ठीक, पिवळा म्हणजे कमी, नारिंगी म्हणजे फारच कमी. बहुतेक घरांत हे कार्ड लसीच्या तारखा पाहण्यापुरते उघडले जाते.

एक उदाहरण घेऊ. सहा महिन्यांच्या मुलीचे वजन ७.३ किलो भरले. अगदी मध्यावरचे वजन, काळजीचे कारण नाही. नवव्या महिन्यात वजन ७.३ किलो. बिंदू हिरव्या पट्ट्यातच आहे. वर्ष पूर्ण झाले तेव्हा वजन पुन्हा ७.३ किलो. पट्टा अजूनही हिरवाच, कारण त्या वयाला पिवळा पट्टा सात किलोच्या खाली सुरू होतो. तिन्ही वेळा रंग ठीक म्हणाला. पण तीन बिंदू जोडले तर रेघ आडवी पडलेली दिसते. या सहा महिन्यांत ज्या बाळाने साधारण दीड किलो वाढायचे, ते तसूभरही वाढलेले नाही. वरचे अन्न उशिरा सुरू झाले असेल, पेजेवरच भागवले जात असेल, जुलाब वारंवार होत असतील, घरात कोणाला क्षयरोग असेल. कारण काहीही असो, विचारपूस रंग बदलेपर्यंत थांबायला नको. या वयात आईच्या दुधासोबत घट्ट वरणभात, त्यावर चमचाभर तेल किंवा तूप, अंडे, काटे काढलेली मासळी हे सुरू झाले, आजार असल्यास त्यावर उपचार झाले, तर रेघ पुन्हा वर वळते. लवकर वळवली तर काम थोडक्यात होते.

ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड मोर्ले यांनी नायजेरियातल्या इमेसी-इले या गावी काम करताना असे कार्ड रुजवले, तेव्हा त्यांचा आग्रह होता की ते दवाखान्याच्या कपाटात नको, आईच्या घरी राहावे. रेघ आईने पाहावी, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे आता अंगणवाडीतले वजन पोषण ट्रॅकरमध्ये भरले जाते. मोबाइलमध्ये आकडा जातो आणि बाळ कोणत्या श्रेणीत बसते, ते समोर येते. गाव, तालुका, जिल्हा यांची बेरीज चटकन होते, ही मोठी सोय आहे. पण श्रेणी म्हणजे रेघ नव्हे. वरच्या उदाहरणातली मुलगी तिन्ही वेळा सर्वसाधारण श्रेणीतच मोजली जाईल. ताईंनी कार्डावर पेनने ठिपका देण्याचे कष्ट घेतले आणि तो आईला दाखवला, तरच काही हाती लागेल. आणि ठिपका दाखवला तरी आईला तो वाचता यायला हवा.

नववीपर्यंत वाट पाहणे महाग पडते ते इथे. पेण, सुधागड, कर्जतच्या कातकरी वाड्यांतून दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. तिथल्या कितीतरी मुलींची शाळा नववीच्या आधीच सुटते. काही वर्षांनी त्याच मुलींच्या हातात ते गुलाबी किंवा निळे कार्ड येते. ज्यांना हा आलेख सर्वांत जास्त लागणार, त्यांच्यापर्यंत तो धडा पोहोचतच नाही.

चौथी-पाचवीच्या मुलांना हे जड जाईल, असा आक्षेप घेतला जातो. वाचन आणि पाढेच कच्चे आहेत, त्यात आलेख कुठे, असेही शिक्षक म्हणतात. त्यांच्यावरचा कामाचा बोजा खरा आहे. पण आलेखासाठी लागते काय? चौकटीची वही दप्तरात असतेच. समजा, मुलांनी शाडूचा एक ओला गोळा रोज ठरल्या वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला: १२०० ग्रॅम, ११४०, १०९०. वजाबाकी, ग्रॅम-किलो, तारखा, सगळा सराव त्यातच होतो. आडव्या ओळीवर दिवस, उभ्या ओळीवर ग्रॅम. रेघ आधी भरभर उतरते, मग मंदावते आणि शेवटी आडवी होते. आडवी झाली की मूर्ती वाळली, रंगाला तयार.

इथे शिक्षकांनी जरा थांबावे. शाडूची रेघ सपाट झाली की काम फत्ते. बाळाच्या वजनाची सपाट झाली की धोका. नवजात बाळाची रेघ पहिले काही दिवस चक्क खाली जाते, आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परतली तर त्यात वावगे काही नसते. म्हणजे रेघेच्या आकाराला स्वतःचा अर्थ नाही. अक्षांवर काय लिहिले आहे, ते आधी वाचायचे. लहान मुले आलेखाला चित्र समजतात, चढती रेघ त्यांना घाट वाटते. मोठ्यांचेही फार वेगळे नसते. २०२० मध्ये करोनाचे आलेख रोज दूरचित्रवाणीवर दिसत होते, आणि रोज सापडणारे रुग्ण कोणते व एकूण रुग्ण कोणते, हा घोळ अनेक सुशिक्षित घरांत होता.

मुलांची दुसरी ठरलेली चूक अशी: सोमवार, मंगळवारी माती तोलली, बुधवार-गुरुवार राहून गेले, शुक्रवारी तोलली, तर ते तीन बिंदू सारख्या अंतरावर मांडतात. मोजमाप झाले नाही, तरी दिवस गेलेच, तेवढे चौकोन मोकळे सोडायचे, हे एकदा समजावे लागते. भट्टीवरून परतलेल्या बाळाच्या कार्डावर असेच पाच-सहा मोकळे महिने असतात. ती मोकळी जागा हीसुद्धा माहिती आहे.

वेळ आडव्या अक्षावर ठेवला की काय दिसते, याचा रायगडातलाच मोठा दाखला आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी बसून नाडी आणि रक्तदाब नोंदवत राहिले. लाल विंचवाच्या दंशानंतर रक्तदाब आधी चढतो, पुढे हृदय थकते, फुफ्फुसांत पाणी भरते आणि रक्तदाब कोसळू शकतो. एकच नोंद पाहणाऱ्याला, रुग्ण कधी आला त्यानुसार, वेगळाच आजार वाटला असता. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे ‘द लॅन्सेट’मध्ये आली, आणि पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू झपाट्याने घटले.

एक सावधगिरी मात्र त्याच वयात शिकवावी. दोन रेघा सोबत चढल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. कोकणात जून-जुलैत छत्र्यांची विक्री वाढते आणि सर्पदंशही वाढतात. छत्रीने साप येत नाहीत, दोन्ही पावसामुळे होते. दहा वर्षांच्या मुलांना हा विनोद लगेच कळतो. अमुक काढा घेतला आणि ताप उतरला, या दाव्याकडेही मग ती मुले वेगळ्या नजरेने पाहतील.

नवे पाठ्यपुस्तक येण्याची वाट पाहायची गरज नाही. हमरापूरसारख्या गावात शाळेला माती मागावी लागली तरी कोणी नाही म्हणणार नाही. जुलैत, हवा ओली असताना, एक गोळा रोज तोलावा आणि रेघ काढून तो कागद भिंतीवर लावावा. फेब्रुवारीत तेवढ्याच वजनाचा दुसरा गोळा घ्यावा आणि त्याची रेघ त्याच कागदावर, दुसऱ्या रंगाने काढावी.